वास्तू आणि वहिवाट : प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या कचेऱ्या आज वेगळ्या आहेत आणि अभिमानही वेगळे आहेत. तरी तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके जुन्या सातारा जिल्ह्यातून काढून व त्यांना भोवतालच्या संस्थानांचा मुलूख जोडून १९४९ साली जो नवा जिल्हा सिद्ध झाला, त्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ असे होते आणि ‘सांगली’ हे नाव त्यास १९६० साली प्राप्त झाले, ही गोष्ट आजच्या तरुण वाचकास बहुधा ठाऊक नसते. अर्थात या दोहोंना जोडणारा दुवा कोणत्याही सरकारी हुकमाहून पुरातन आहे. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, भिलवडी अशी गावे करीत सांगलीस येते आणि हरिपुरास वारणेला भेटते. आणि या सबंध प्रवासात, जिथे जिथे तिने काठावर सपाट जागा सोडली तिथे तिथे, कोणा सरदाराने, सावकाराने अथवा संस्थानिकाने घाट बांधला, घाटामागे देऊळ उभारले, देवळाशेजारी वाडा, वाड्यापुढे पेठ आणि पेठेच्या टोकाशी विहीर वा तळे असा संसार मांडला. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा संसार आहे : तो कसा उभा राहिला, कसा मोडला, आणि त्यातले काय, कोणत्या रीतीने व कोणासाठी पुन्हा उभे करता येईल.

जुन्या वास्तूंच्या जतनाचा विषय निघाला की आपल्या मनश्चक्षूंपुढे अजिंठा-वेरूळ उभे राहतात, फार तर रायगड-प्रतापगड. ते स्वाभाविक आहे. परंतु ज्या वास्तूंच्या नशिबी सरकारी संरक्षणाचा निळा फलक आला त्यांची संख्या मूठभर, आणि ज्यांच्या नशिबी तो आला नाही त्यांची गणती कोणी केलेलीही नाही. वाईच्या गंगापुरीतला एखादा दुमजली वाडा, मिरजेचे घड्याळाच्या मनोऱ्याचे लक्ष्मी मार्केट, साताऱ्यातील मोती तळे, सांगलीची आमराई यांच्यावर कोणी राष्ट्रीय निबंध लिहिणार नाही. मात्र त्या त्या गावच्या माणसाच्या आयुष्यात अजिंठ्याच्या लेण्यांना नसेल असे स्थान त्यांना आहे. या दुसऱ्या वर्गातील वास्तू आणि त्यांच्या भोवतालच्या सार्वजनिक जागा हेच संपादकांनी आपले क्षेत्र मानले आहे, आणि माझ्या मते ते योग्य केले आहे.

हे क्षेत्र समजून घ्यावयाचे तर प्रथम एक भ्रम सोडून दिला पाहिजे. जुन्या इमारती काळाने पडतात असे आपण सर्रास म्हणतो. उत्तम चुन्यात रचलेल्या काळ्या पाषाणाला दोन-अडीचशे वर्षे म्हणजे काहीच नव्हेत. इमारती पडतात त्या त्यांच्याभोवतीची व्यवस्था मोडल्यामुळे. लिंब गावाजवळची बारा मोटेची विहीर घ्या. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, शके १६४१ ते १६४६ या काळात, विरूबाई भोसले यांनी ती बांधविली. वरून पाहिले असता अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला लांबट भाग मिळून शिवलिंगाची आकृती दिसते. पायऱ्यांनी आत उतरावे तो मध्यभागी छोटासा महाल, भिंतींवर शिल्पे, आणि माथ्यावर मोटांची थारोळी. पर्यटक तो महाल पाहून चकित होतो आणि परततो. पण ही वास्तू मुळात एक यंत्र होते. भोवतालची आमराई भिजवावी म्हणून ती खोदली गेली. बैल, नाडे, चामड्याच्या मोटा, मोटकरी, पाटांचे वळण पाहणारा पाटकरी आणि आंब्याचे उत्पन्न, अशा साखळीतला ती एक दगडी दुवा होती. मोट ओढणारे बैल गेले, विजेचा पंप आला, आणि दगड शाबूत असूनही विहिरीचे काम संपले. ती आजही धडधाकट उभी आहे हे आपले भाग्य. काम संपलेल्या तिच्या कितीतरी बहिणी दोन्ही जिल्ह्यांत गाळाने व कचऱ्याने भरून गेल्या.

अशीच गोष्ट घाटांची. वाईचे घाट आणि देवळे यांवर रास्ते घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जो द्रव्यव्यय केला तो प्रसिद्धच आहे. आनंदराव भिकाजी रास्ते यांचे काशीविश्वेश्वराचे देऊळ १७५७ सालचे, तर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधविलेले ढोल्या गणपतीचे देऊळ १७६२ सालचे. या दुसऱ्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराने पुढे काढलेली आहे. पावसाळ्यात कृष्णा घाट गिळून देवळाशी येते तेव्हा तिचा लोंढा त्या निमुळत्या टोकावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावा, ही त्यामागची योजना. आजचा अभियंता जे गणिताने मांडतो ते त्या गवंड्याने नदीकडे पाहून मांडले होते. तथापि भिंतीने पाणी वळविले तरी पाणी ओसरल्यावर पायऱ्यांवर हातभर गाळ उरतोच, आणि तो काढण्याचे काम भिंत करीत नाही. ते कोणाकडे होते, त्याचा मोबदला कोठून मिळे, हे जुन्या कागदांत शोधू गेल्यास देवस्थानाची सनद, तीत लिहून दिलेली जमीन, पूजा-नैवेद्य-दिवाबत्तीचा खर्च, आणि त्याच ओघात मरम्मतीची तजवीज असे सगळे एका बंदात सापडते. म्हणजे इमारत बांधणारा केवळ दगड रचून मोकळा होत नसे; आपल्यामागे ती कोणी, कशाच्या उत्पन्नातून राखावी याची वहिवाट तो लावून देत असे. मेणवलीस नाना फडणविसांनी १७६८ साली गाव इनाम मिळाल्यावर वाडा, अर्धचंद्राकार घाट आणि घाटावरची देवळे असा जो समग्र प्रपंच उभा केला, त्याच्या पाठीशीही हीच रीत होती. त्या वाड्यात जतन झालेले दफ्तर इतिहाससंशोधकांनी डोक्यावर घेतले ते पेशवाईच्या राजकारणासाठी. त्या प्रकारच्या कागदांतील घरखर्चाच्या आणि इमारतखर्चाच्या बाजूकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष फार उशिरा गेले.

ही वहिवाट एका दिवसात मोडली नाही. १८३९ साली प्रतापसिंह महाराज पदच्युत झाले, १८४८ साली डलहौसीने सातारचे राज्य खालसा केले, आणि पाठोपाठ इनाम कमिशनने सनदांची झडती सुरू केली. ज्यांच्या आश्रयावर इमारती तगत होत्या त्यांची ऐपत आणि हौस दोन्ही आटली. राजवाड्यासारख्या वास्तूंना कचेऱ्यांचे, न्यायालयांचे, शाळेचे रूप आले, आणि एका अर्थी तेच त्यांना तारक ठरले, कारण ज्या दालनात रोज माणूस वावरतो तिथे कौल सरकले तर कोणी तरी ओरडतो. साताऱ्याच्या राजवाड्यातल्या त्याच शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले. त्या वाड्याचे महत्त्व ज्यांनी तो बांधला त्यांच्यामुळे अधिक की जो त्यात शिकला त्याच्यामुळे, असा प्रश्न कोणी घातल्यास निदान मी तरी उत्तर देताना घुटमळणार नाही. पुढे प्लेगने दाट पेठा रिकाम्या केल्या. सांगली, मिरज, औंध, फलटण, जत या संस्थानांत आश्रयाची परंपरा आणखी शंभर वर्षे टिकली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी तर १९३८ साली एका खेड्यात श्रीभवानी संग्रहालय उभारून मोठमोठ्या शहरांना लाजविले. पण १९४८ च्या विलीनीकरणाने तोही अध्याय संपला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, ज्यांचा लोकांना केवढा भरवसा वाटे, त्या माणसांवर कोसळल्या. जुने घर म्हणजे धोक्याचे घर ही समजूत तेव्हापासून पाटण-कऱ्हाडच्या बाजूस जी रुजली ती अद्याप गेलेली नाही. त्या समजुतीत तथ्य नाही असेही म्हणवत नाही. ज्या घरांचा भार सागवानी खांब-तुळयांच्या नीट सांधलेल्या सांगाड्यावर असतो ती, आणि ज्यांचा भार निव्वळ मातीतल्या दगडांवर असतो ती, यांत महदंतर आहे. परंतु भीतीला असा भेद करता येत नाही.

आता या विद्येच्या संप्रदायांविषयी. आपल्याकडे जीर्णोद्धाराची कल्पना प्राचीन आहे. शिल्पशास्त्रावरील ग्रंथांत आणि पुराणांत तिचे विधी सांगितलेले आहेत, आणि नवे देऊळ बांधण्याहून जुन्याचा उद्धार करणे अधिक पुण्यप्रद अशी श्रद्धा आहे. या परंपरेत वास्तूचे पावित्र्य दगडात नसून तिथे चालणाऱ्या पूजेत असते. म्हणून झिजलेली मूर्ती विसर्जित करून नवी बसविण्यास, पडका मंडप उतरवून नवा बांधण्यास तिची हरकत नसते. अहिल्याबाई होळकरांनी भारतभर जी कामे केली ती या दृष्टीने. युरोपात एकोणिसाव्या शतकात मात्र यावरून मोठा कलह माजला. व्हियोले-ल-द्युक या फ्रेंच वास्तुविशारदाचा पक्ष असा की इमारत मूळच्या परिपूर्ण रूपात उभी करावी, मग ते रूप प्रत्यक्षात पूर्वी कधी असो वा नसो; तर इंग्लंडात रस्किन आणि त्याचा अनुयायी विल्यम मॉरिस यांचा पक्ष असा की वार्धक्याच्या खुणा हीच वास्तूची खरी कमाई, त्या पुसणे म्हणजे लबाडी; दुरुस्ती करावी, पुनर्रचना करू नये. मॉरिसने १८७७ साली त्यासाठी संस्थाच काढली. हिंदुस्थानात १८६१ साली पुरातत्त्वखात्याची पायाभरणी झाली, कर्झनच्या आमदनीत १९०४ चा प्राचीन स्मारक कायदा झाला, आणि जॉन मार्शलने १९२३ साली संवर्धनाची जी नियमपुस्तिका सिद्ध केली तीत मॉरिसचाच पंथ सरकारी आज्ञेच्या भाषेत उतरला. तिने असंख्य अवशेष वाचविले हे निर्विवाद. पण ‘मृत’ स्मारकासाठी रचलेले नियम नांदत्या देवळाला आणि राहत्या वाड्याला लावले की काय घोटाळा होतो, हे आपण शंभर वर्षे अनुभवीत आहोत.

पुढे १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने साऱ्या जगासाठी सामान्य तत्त्वे ठरविली, १९७९ साली ऑस्ट्रेलियातील बर्रा येथील सनदेने जागेचे सामाजिक मोल पुढे आणले, आणि १९९४ साली जपानातील नारा येथे, जिथे लाकडी देवळांचे भाग पिढ्यान्‌पिढ्या बदलीत जाणे हाच धर्म, तिथे जमलेल्या विद्वानांनी मान्य केले की अस्सलपणाची कसोटी प्रत्येक संस्कृतीत वेगळी असू शकते. १९८४ साली स्थापन झालेल्या इन्टॅक या संस्थेने २००४ साली जी सनद केली ती याच विचाराची भारतीय शाखा होय. सरकारी संरक्षणाबाहेरच्या वास्तू आणि परंपरागत कारागीर यांना तीत प्रथमच सन्मानाची जागा मिळाली. मला स्वतःला या वादात टोकाचा कोणताच पक्ष घ्यावासा वाटत नाही. मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रांना हात लावू इच्छिणाऱ्यास मी मॉरिसची शपथ घालीन, आणि पुराने पायऱ्या उखडलेल्या घाटावर ‘अवशेष जसेच्या तसे राखा’ म्हणणाऱ्यास, बाबा रे, इथे उद्या बायका दिवे सोडायला येणार आहेत, एवढेच सांगेन.

या मालिकेत एक नाव आमच्याकडे कमी घेतले जाते, ते स्कॉटलंडच्या पॅट्रिक गेडीसचे. १९१४ साली हिंदुस्थानात आलेला आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झालेला हा विलक्षण माणूस गावोगाव पायी हिंडला आणि रस्तारुंदीच्या नावाखाली अख्ख्या पेठा पाडणाऱ्या नगररचनाकारांना त्याने सांगितले की रोग्याला मारून रोग बरा होत नाही. एखादे पडके घर काढावे, तिथे झाड लावून चौक मोकळा करावा, बाकीची वस्ती तशीच राहू द्यावी. मलेरियाच्या धास्तीने तळी बुजविण्याच्या तत्कालीन उत्साहालाही त्याने असाच विरोध केला. सार्वजनिक जागांचा विचार करणाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या जेन जेकब्सचे १९६१ चे पुस्तक अवश्य वाचावे. मात्र तिच्या आधी चाळीस-पन्नास वर्षे आमच्याच गल्ल्यांत उभे राहून तसेच काही सांगितले गेले होते, याची आठवण ठेवावी.

प्रस्तुत ग्रंथातील माझ्या विशेष आवडीचा भाग चुन्याचा आहे. भाजलेली कळी विरवून, वाळू मिसळून, बैलाच्या घाणीत मळून, मुरत ठेवून, त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालून जो चुना सिद्ध होई तो मंद गतीने आळतो, पण आळल्यावरही श्वास घेतो. भिंतीतली ओल त्याच्यातून बाहेर पडते, जमीन किंचित हलली तर तोही किंचित हलतो. सिमेंट तसे नाही. ते झटपट घट्ट होते आणि वाट बुजविते. जुन्या दरजांत सिमेंट भरले की अडलेली ओल शेजारच्या दगडाविटांत शिरते, क्षार फुलून येतात, विटेचे पापुद्रे सुटतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी दरज तेवढी शाबूत राहून वीट खाल्ली गेलेली दिसते. हे सांगूनही पटत नाही, कारण चुना तयार व्हायला वेळ लागतो आणि मार्चअखेर निधी खर्ची पडावा लागतो. आमच्या जीर्णोद्धारांच्या अपयशाचे मूळ पुष्कळदा शास्त्राच्या अज्ञानात नसून वित्तीय वर्षाच्या पंचांगात आहे. त्याच पंचांगाची दुसरी अपत्ये म्हणजे काळ्या पाषाणाच्या शिखरांवर थापलेला तैलरंग, गाभाऱ्याला लावलेल्या स्नानगृहाच्या फरशा, आणि घाटाच्या पायऱ्यांवर अंथरलेले सिमेंटचे पेव्हर ब्लॉक, जे पहिल्याच पुरात एकेक करून नदीच्या स्वाधीन होतात. मी हे उपहासाने लिहितो, पण त्यामागची लोकांची श्रद्धा खोटी नाही. चकाकी म्हणजे निगा असे त्यांस वाटते, आणि दुसऱ्या प्रकारची निगा त्यांना कोणी दाखविलेली नाही. घाणी चालविणारे, दगडाला टाकी लावणारे, कडीपाट बसविणारे हात आता थोडे उरले आहेत. या ग्रंथात त्या हातांच्या मुलाखती आहेत, आणि त्यांची भाषा संपादक शुद्ध करीत बसले नाहीत याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

कायद्याविषयी थोडक्यात सांगणे पुरे. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा असे दोन कायदे निवडक स्मारकांचे रक्षण करतात. २०१० च्या दुरुस्तीने केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामास मनाई आणि पुढील २०० मीटरवर नियंत्रण आले. उरलेल्या वास्तूंसाठी मुंबईने १९९५ साली वारसा नियमावली करून देशाला धडा घालून दिला, परंतु लहान नगरपालिकांच्या हद्दीत तो धडा कागदावरून फारसा खाली उतरला नाही. वाड्यांचा खरा शत्रू कायद्याच्या पुस्तकात दुसऱ्याच पानावर आहे. एका वाड्याला सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर वीस-पंचवीस वारसांची नावे, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईस. आत पन्नास वर्षांचे भाडेकरू, ज्यांच्या भाड्यात एका खोलीची कौलेही परतून होत नाहीत. मालक दुरुस्ती करीत नाही, भाडेकरू करू धजत नाही, आणि दोघेही मनात वाट पाहतात ती इमारत पडण्याची अथवा बिल्डर येण्याची. अशा वाड्याला वारसायादीत घातले की मालक तिकडे वरदान म्हणून न पाहता जप्ती म्हणून पाहतो. त्यास करसवलत, वाढीव चटईक्षेत्राचा अन्यत्र वापर, दुरुस्तीस स्वस्त कर्ज यांपैकी काही प्रत्यक्ष हाती दिल्यावाचून संवर्धनाचा उपदेश करणे मला अशोभनीय वाटते.

सार्वजनिक जागांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तिथे मालक सर्वजण असतात. साताऱ्याला यवतेश्वरच्या डोंगरावरून आणि पुढे कासच्या तलावातून उघड्या पाटाने पाणी आले. हौद, तळी ही त्या पाण्याच्या प्रवासातली मुक्कामाची ठिकाणे होती. नळ घरात आला तेव्हा हौदावरची वर्दळ थांबली. मंगळवार तळे, मोती तळे यांचे पाणी कोणाच्याच पिण्यात राहिले नाही, त्याअर्थी ते निर्माल्याचे आणि मूर्तींचे झाले. सांगलीत काळी खण ही दगड काढून झालेली खाण. शहर तिच्याभोवती वाढले आणि गावाच्या मध्यभागी एक साचलेले पाणी उरले, ज्याच्या सुशोभनाची चर्चा शहराला वर्षानुवर्षे पुरली आहे. तेथील कृष्णाघाटावर पिढ्यान्‌पिढ्या पोहणे, होड्यांच्या शर्यती, संध्याकाळचे फिरणे असा नित्यक्रम. पण शेरीनाल्याचे सांडपाणी नदीत मिसळत असता घाटाला कितीही दिवे लावले तरी माणूस पायरीवर बसेल, पाण्यात उतरणार नाही. घाटाचा जीर्णोद्धार नाल्यापासून सुरू होतो, हे या पुस्तकातील एका लेखाचे प्रतिपादन मला निर्णायक वाटले. उलट साताऱ्यात राजवाड्यासमोरची गोल बाग आणि चौपाटी पाहा. सौंदर्यदृष्टीने तिथे आक्षेप घेण्यासारखे पुष्कळ आहे; परंतु संध्याकाळी सहा वाजता सातारा शहर कोठे असते या प्रश्नाचे ते उत्तर आहे, आणि उद्या कोणी तिथल्या हातगाड्या हटवून संगमरवरी कारंजे बसविले तर ती जागा सुंदर होईल आणि मरेल.

इथे एका गोष्टीचा स्पष्ट उच्चार करणे मला कर्तव्य वाटते. जुन्या वहिवाटीचे मी गोडवे गाइले, पण ती वहिवाट सर्वांची नव्हती. कोणत्या पाणवठ्यावर कोणी उतरावे, कोणत्या आळीतून कोणी चालावे याचे निर्बंध त्या चिरेबंदीइतकेच पक्के होते. ज्या महात्मा फुल्यांनी आपला हौद १८६८ साली अस्पृश्यांना खुला केला त्यांचे मूळ गाव कटगुण याच सातारा जिल्ह्यात आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे असावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली झाला, आणि तरीही १९२७ साली महाडास सत्याग्रह करावा लागला. तेव्हा घाट आणि विहिरी ‘पूर्ववत’ करावयाच्या म्हणजे नेमके काय करावयाचे, याचा विचार प्रत्येक पायरीवर केला पाहिजे. दगड पूर्ववत व्हावेत. हक्क पूर्ववत होता कामा नयेत. या दृष्टीने घाटावर धुणे धुणाऱ्या स्त्रिया, भाजीवाल्या, कोळी, यांना सुशोभनाच्या आराखड्यात ‘अतिक्रमण’ या सदरात टाकण्याची जी खोड जडली आहे ती जुन्याच निर्बंधांचा नवा अवतार समजावी.

हे सारे आताच का, असे कोणी विचारील. एक कारण नदी. सांगलीकर पावसाळ्यात घड्याळापेक्षा १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाकडे अधिक पाहतो; तिथे ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले, आणि २००५ चा पूर ज्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा मानला होता त्यांचे हिशेब चुकले. दोन वर्षांनी, २०२१ साली, पुन्हा महापूर आला. हरिपूरची हळदीची पेवे ही तर या पुरांनी गिळलेली एक संपूर्ण वास्तुविद्या. तिथल्या विशिष्ट मातीत खोल खड्डे घेऊन, वर अरुंद तोंड ठेवून, वर्षानुवर्षे हळद कीड न लागता साठविण्याची ती युक्ती. सांगलीच्या हळदीची पेठ ज्या विश्वासावर उभी राहिली तो विश्वास जमिनीखाली होता. पुराचे पाणी शिरून पेवे ढासळली, गोदामे आली, आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या या गावात आता पेव दाखवा म्हटले तर वाट दाखविणारा म्हातारा शोधावा लागतो. त्यांचे जतन करायचे की केवळ नोंद, यावर संपादक आणि मी यांच्यात मतभेद आहे. माझा कल नोंदीकडे, त्यांचा जतनाकडे.

दुसरे कारण पैसा, आणि ते अधिक धोक्याचे. २०२४ च्या जुलैत लंडनहून आलेली वाघनखे साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली तेव्हा लोटलेली गर्दी सर्वांनी पाहिली. २०२५ साली मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि त्यांत प्रतापगड आहे. अशा प्रसंगांनंतर निधी येतो, निविदा निघतात, कोनशिला बसते. परंतु एकदाच येणारा मोठा पैसा आणि दरवर्षी येणारा थोडा पैसा यांत वास्तूला दुसऱ्याचीच गरज असते. पन्हळीतला पालापाचोळा काढणे, भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच उपटणे, पुरानंतर गाळ उपसणे, दिवा लावणे, या कामांना कोणी मंत्री उद्घाटनास येत नाही. जुन्या सनदेतल्या दिवाबत्तीच्या रकमेचे शहाणपण हेच होते. आजच्या लोकशाहीत ती तजवीज पालिकेच्या अंदाजपत्रकातून, देवस्थानाच्या विश्वस्तांकडून, शाळांकडून की पेठेतल्या व्यापारीमंडळाकडून व्हावी, हा या ग्रंथाच्या मध्यभागी असलेला प्रश्न आहे. सांगलीत काही तरुणांनी दुर्लक्षित चौक व बसथांबे स्वतः झाडून रंगविण्याचा नित्यनेम धरला, राज्यभर जुन्या बारवांतला गाळ काढण्यासाठी हौशी मंडळी एकत्र आली. या उदाहरणांनी हुरूप येतो, पण स्वयंसेवकाचा उत्साह हा वहिवाटीचा आरंभ असू शकतो, पर्याय नव्हे.

या पुस्तकात लिहिणारे वास्तुविशारद आहेत तसे शिक्षक, पालिकेतील निवृत्त अधिकारी, पुजारी आणि गवंडीही आहेत. साहजिकच सूर एक नाही. कोणी मॉरिसचा वंशज, कोणी अहिल्याबाईंचा. एका लेखात जे पाडा म्हटले आहे ते दुसऱ्यात राखा म्हटले आहे, आणि संपादकांनी समेट घडविण्याचा यत्न केला नाही. वाचकाने ग्रंथ नदीच्या क्रमाने वाचावा अशी त्यांची अपेक्षा दिसते, महाबळेश्वरच्या कृष्णाबाईच्या देवळापासून हरिपूरच्या संगमापर्यंत. मी मात्र नगरसेवकांना सल्ला देईन की त्यांनी चुन्याच्या लेखापासून आरंभ करावा, आणि वाडेमालकांनी भाडेकरूंच्या लेखापासून. कमतरताही आहेत. फलटण आणि माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातील बारवांना न्याय मिळालेला नाही. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याचा परिसर, जिथे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीचे गाणे होते आणि ज्याच्या आसमंतात तंतुवाद्ये घडविणाऱ्यांची घरे आहेत, तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय असून इथे चार पानांत आटोपला आहे.

एक गोष्ट मी संपादकांपाशी आग्रहाने मागितली होती : प्रत्येक वास्तूच्या वर्णनाशेवटी तिच्या वार्षिक देखभालीचा खर्च द्यावा, पूर्वी काय होता आणि आज काय यावा. त्यांनी सांगितले की आजचा अंदाज काढता येतो, जुना आकडा बहुतेक ठिकाणी हाती लागत नाही. देवस्थानांच्या आणि वाड्यांच्या कीर्दी-खतावण्या घरोघर पेट्यांत पडून आहेत, काही रद्दीत गेल्या. ज्या वाचकांजवळ असे बंद असतील, मग ते कितीही क्षुल्लक तेला-वातीच्या हिशेबाचे असोत, त्यांनी त्यांच्या नकला प्रकाशकांच्या पत्त्यावर धाडाव्यात. दुसऱ्या आवृत्तीत तो रकाना भरून काढण्याचे संपादकांनी मान्य केले आहे.